सेन्सर सारखा ऑफलाइन जातोय? पुन्हा पेअर करण्याआधी हे तपासा

आमच्या सिंकखाली पाणीगळतीचा एक छोटा सेन्सर आहे. तो एकदा सलग एकोणीस दिवस बंद होता आणि मला त्याचा पत्ताही नव्हता. अ‍ॅपमध्ये त्याच्या नावापुढे ‘कोरडं’ असं दिसत होतं, कारण हबला, म्हणजे घरातल्या सगळ्या सेन्सरचे निरोप गोळा करणाऱ्या उपकरणाला, त्याच्याकडून मिळालेली शेवटची बातमी तीच होती. सिंकखालची बादली सरकवताना हात ओला झाला तेव्हा कळलं की पाइपचा सांधा ठिबकतोय. बल्ब पेटला नाही तर आपल्याला लगेच समजतं. सेन्सरचा संपर्क तुटला तर काहीच होत नाही, आणि तेच धोक्याचं असतं. म्हणून हा लेख जरा खोलात जाऊन लिहिते आहे.

त्या वेळी मी सगळे करतात तेच केलं: अ‍ॅपमधून सेन्सर काढून टाकला, पिन खुपसून रीसेट केला, पुन्हा जोडला, म्हणजे पेअर केला. चार दिवस नीट चालला आणि परत गेला. बहुतेक वेळा बिघाड सेन्सरमध्ये नसतोच. तो ज्या उपकरणाच्या आधाराने हबपर्यंत पोचतो, ते उपकरण गेलेलं असतं. पुन्हा पेअर केल्यावर सेन्सरला तात्पुरता नवा आधार मिळतो, म्हणून काम झाल्यासारखं वाटतं. मूळ दुखणं तसंच राहतं.

सेन्सर हबशी बोलतो कसा, हे थोडक्यात

बॅटरीवरचे बरेचसे सेन्सर झिगबी किंवा थ्रेड या कमी वीज खाणाऱ्या बिनतारी पद्धतींवर चालतात. ‘मॅटर’ या सामायिक मानकाचं नाव असलेले बरेच सेन्सरही आतून थ्रेडच वापरतात. या जाळ्यात तीन प्रकारचे सभासद असतात. एक हब. दुसरे कायम विजेवर असलेले प्लग, बल्ब वगैरे, जे इतरांचे निरोप पुढे ढकलतात. झिगबीच्या भाषेत त्यांनाही राउटरच म्हणतात, पण वायफायच्या राउटरशी गोंधळ नको म्हणून मी त्यांना रिपीटर म्हणेन. तिसरे म्हणजे बॅटरीवरचे सेन्सर. ते जवळजवळ सगळा वेळ झोपलेले असतात, ठरावीक वेळाने जागे होतात आणि फक्त एकाच उपकरणाशी बोलतात. त्या उपकरणाला त्यांचा पालक म्हणतात. पालक हब असू शकतो किंवा एखादा रिपीटर.

सेन्सर दुसऱ्या सेन्सरचा निरोप कधीच पुढे नेत नाही. घरात वीस सेन्सर असले आणि विजेवरचं एकही उपकरण नसलं, तर जाळं असं काही नसतंच. वीसच्या वीस थेट हबला लटकलेले असतात.

पायरी १: खरंच तुटलाय, की गप्प आहे?

‘अनुपलब्ध’ असा शिक्का सेन्सर स्वतः मारत नाही. ठरावीक वेळात त्याचा आवाज आला नाही की सॉफ्टवेअर तो मारतं, आणि ही वेळ प्रत्येक सॉफ्टवेअरची वेगळी असते. होम असिस्टंट या स्मार्ट घराच्या सॉफ्टवेअरमधलं झेडएचए (त्यातला झिगबीचा भाग) बॅटरीच्या उपकरणाची मुळात ६ तास वाट पाहतं. झिगबी-टू-एमक्यूटीटी या अशाच दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उपलब्धतेची तपासणी चालू केली तर ती मुदत २५ तासांची असते. म्हणजे शिक्का दिसला तेव्हा सेन्सर तुटला असं नाही, तो काही तासांपूर्वीच तुटलेला असतो.

म्हणून ‘शेवटचा संपर्क’ ही नोंद शोधा. मग सेन्सरला बोलायला लावा: दार उघडा, तापमानाच्या सेन्सरवर फुंकर मारा, हालचालीच्या सेन्सरसमोरून जा. नोंद ताजी झाली तर तो जिवंत आहे. तापमान बदललं नाही म्हणून तासभर गप्प बसलेला सेन्सर आजारी नसतो.

खरंच तुटत असेल तर तीन-चार दिवस कागदावर दोनच गोष्टी लिहा: शेवटचा संपर्क कधी झाला आणि त्याच सुमारास घरात काय घडलं. या कामात मला सगळ्यात जास्त उपयोग या कागदाचाच झाला. रोज साधारण एकाच वेळी तुटत असेल तर कुणीतरी त्या वेळी काहीतरी बंद करतंय. शेजारशेजारचे तीन-चार एकदम गेले तर त्यांचा सामायिक रिपीटर गेला. घरातले सगळेच गेले तर हबकडे बघा. एकटाच, अधूनमधून, विशेषतः थंडीत पहाटे जात असेल तर आधी बॅटरी बघा.

पायरी २: बॅटरी, पण टक्क्यांवर विश्वास न ठेवता

अ‍ॅपमध्ये दिसणारे टक्के बहुतेकदा व्होल्टेजवरून काढलेला अंदाज असतो. लिथियम बटण सेलचं व्होल्टेज आयुष्यभर जवळजवळ सपाट राहतं आणि शेवटी एकदम कोसळतं. त्यामुळे ८० टक्के दाखवणारा सेल दुसऱ्या दिवशी संपू शकतो.

मल्टिमीटरही इथे फसवतो. सीआर २०३२ हा सेल ३ व्होल्टचा, क्षमता साधारण २२० मिलिअँपिअर-तास. जुना सेल मीटरवर २.९ दाखवेल आणि तरी सेन्सर चालणार नाही. त्याचं कारण सेन्सरच्या सवयीत आहे. झोपेत तो काही मायक्रोअँपिअरवर भागवतो, पण रेडिओ चालू झाला की क्षणभर कित्येक मिलिअँपिअर ओढतो. सेल जुना झाला की त्याचा अंतर्गत रोध वाढतो, आणि त्या क्षणी व्होल्टेज खाली दबतं. सेन्सर बोलायला तोंड उघडतो आणि तिथेच बंद पडतो. थंडीत हा रोध आणखी वाढतो, म्हणून बाहेरच्या दारावरचा सेन्सर पहाटे जातो आणि दुपारी परत येतो.

त्यामुळे मोजत बसण्यापेक्षा चांगल्या प्रतीचा नवा सेल घालून पाहणं हीच खरी चाचणी. घालताना थोडी काळजी घ्या:

- सेल कडेने धरा, बोटांचा तेलकटपणा संपर्काला लागू देऊ नका. कोरड्या कपड्याने दोन्ही बाजू पुसा.
- मुलांनी गिळू नये म्हणून काही सेलना कडू थर दिलेला असतो. काही उपकरणांत तो थर संपर्काच्या पट्टीच्या आड येतो. नवा सेल घालूनही उपकरण मेलेलंच राहिलं तर असा थर नसलेला सेल घालून पाहा.
- सेल बसवण्याआधी आतली पितळी पट्टी बघा. ती दबून गेली असेल तर लाकडी काडीने हलकेच वर उचला. दार आपटल्यावरच तुटणाऱ्या सेन्सरमध्ये मला हेच सापडलं होतं.
- जुना सेल काढल्यावर सेन्सरचं बटण दोन-तीनदा दाबा, मिनिटभर थांबा, मग नवा घाला. आत साठलेला चार्ज उतरला की तो स्वच्छ सुरू होतो.

डबल किंवा ट्रिपल ए घेणाऱ्या सेन्सरमध्ये रिचार्जेबल सेल घालत असाल तर लक्षात ठेवा, ते १.२ व्होल्टचे असतात, १.५ चे नाही. काही सेन्सर तेवढ्यावर कुरकुरतात. आणि काढलेले बटण सेल टेबलावर ठेवू नका. लहान मुलाने गिळला तर तो अन्ननलिकेला काही तासांत गंभीर जखम करतो. लगेच चिकटपट्टीत गुंडाळून मुलांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवा.

पायरी ३: पालक शोधा

सेल नवा आहे आणि तरी सेन्सर जातोय, तर जाळ्याचा नकाशा उघडा. तुमच्या हबच्या अ‍ॅपमध्ये नकाशा नसेल तर सेन्सरच्या आसपास विजेवरची कोणती उपकरणं आहेत याची यादी करा, काम भागतं.

नकाशात सेन्सरपासून निघालेली रेघ कुठे जाते ते बघा. मग उठून त्या उपकरणापर्यंत चालत जा. आपण स्क्रीनवर बघून समाधान मानतो, आणि इथेच चुकतो.

मी गेले तेव्हा मला काय दिसलं ते सांगते. सिंकखालच्या सेन्सरचा पालक होता पलीकडच्या खोलीतल्या हीटरचा स्मार्ट प्लग. थंडी संपल्यावर हीटर माळ्यावर गेला आणि प्लगही त्याच्याच वायरला गुंडाळून गेला. एकोणीस दिवसांचा हिशेब तिथे लागला. पुन्हा पेअर केल्यावर सेन्सरने नवा पालक धरला तो पॅसेजमधला स्मार्ट बल्ब. तो बल्ब पाहुण्यांनी भिंतीवरच्या बटणाने बंद केला. बल्ब अंधारात गेला की त्याच्या पोटातला रेडिओही जातो, आणि त्याच्यावर विसंबलेला सेन्सर पोरका होतो.

म्हणून रिपीटर निवडताना एकच कसोटी लावा: याची वीज कुणी सहज बंद करू शकतं का? बल्ब या कसोटीवर बहुतेकदा नापास होतो. कायम चालू असलेल्या सॉकेटमधला साधा स्मार्ट प्लग सगळ्यात भरवशाचा. त्यावर ‘बंद करू नका’ अशी चिठ्ठी चिकटवायला लाजू नका. प्लग उघड्यावर हवा, फ्रिजच्या किंवा लोखंडी कपाटाच्या मागे नको. हब आणि लांबचा सेन्सर यांच्या साधारण मध्यावर तो असला की उत्तम. आपण अनेकदा तो सेन्सरच्या अगदी शेजारी लावतो. मग सेन्सर ते प्लग सिग्नल झकास मिळतो, पण प्लगचाच हबशी संबंध कच्चा राहतो.

विकत घेण्याआधी एक गोष्ट तपासा: विजेवर चालणारं प्रत्येक उपकरण रिपीटर असेलच असं नाही. न्यूट्रल वायर न लागणारे काही भिंतीतले स्विच निरोप पुढे नेत नाहीत. शिवाय प्रत्येक रिपीटर मोजकेच झोपाळू सेन्सर सांभाळू शकतो. एका प्लगवर खूप सेन्सर लटकले असतील तर दुसरा प्लग घालावाच लागतो.

आता क्रम महत्त्वाचा आहे. आधी रिपीटर जोडा, त्याच्या कायमच्या जागी लावा आणि शक्य असेल तर एक दिवस जाऊ द्या. मग सेन्सर त्याच्या जागीच असताना सेल काढून परत घाला. चांगला सेन्सर जागा होताना आजूबाजूला कोण आहे ते पाहतो आणि जवळचा पालक धरतो. काही जुने सेन्सर मात्र हट्टी असतात. मेलेल्या पालकाचाच पत्ता धरून बसतात. त्यांना नव्याने पेअर केल्याशिवाय पर्याय नसतो, आणि ते कसं करायचं ते पायरी ७ मध्ये आहे.

नकाशाबद्दल एक सावधगिरी. तो त्या क्षणाचा फोटो असतो, आणि झोपलेल्या सेन्सरची रेघ कधीकधी जुनी असते. सिग्नलचा जो ० ते २५५ आकडा दिसतो तो प्रत्येक बनावटीची चिप आपापल्या पद्धतीने काढते. दोन वेगळ्या सेन्सरच्या आकड्यांची तुलना करू नका. त्याच सेन्सरचा कालचा आणि आजचा आकडा मात्र जरूर ताडून पाहा.

पायरी ४: हबभोवतीचा गोंगाट

बरेच सेन्सर एकदम अडखळत असतील, कधी उशिरा निरोप देत असतील, तर हबच्या कानाशी कोण ओरडतंय ते बघा.

तुमचा हब म्हणजे संगणकाला लावलेली यूएसबी स्टिक असेल तर सगळ्यात आधी हे करा: ती काढा, मीटर-दीड मीटरची एक्स्टेंशन केबल घ्या, जमल्यास यूएसबी २.० च्या पोर्टला लावा आणि स्टिक संगणकापासून दूर ठेवा. यूएसबी ३.० ची केबल, पोर्ट आणि बाहेरची हार्ड डिस्क २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात विद्युत गोंगाट सोडतात. इंटेलने २०१२ मध्ये यावर स्वतंत्र तांत्रिक टिपण काढलं होतं. स्टिक थेट यूएसबी ३.० च्या निळ्या पोर्टमध्ये खुपसलेली, शेजारी डिस्क, वरून लोखंडी कपाट. अशी मांडणी असेल तर पुढचं काहीही करण्याआधी ही मांडणी मोडा. केवळ या केबलने अर्ध्या तक्रारी मिटलेल्या मी पाहिल्या आहेत.

दुसरा ओरडणारा म्हणजे वायफाय. झिगबी आणि थ्रेड २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात, ११ ते २६ असे त्यांचे १६ चॅनल आहेत, प्रत्येक ५ मेगाहर्ट्झ अंतरावर. वायफायचा एक चॅनल यातले तीन-चार व्यापतो. वायफाय १, ६ आणि ११ हे चॅनल वापरात असतील तर त्यांच्या मधल्या फटी झिगबीच्या १५ आणि २० या चॅनलवर येतात, आणि २५ व २६ हे वायफाय ११ च्याही पलीकडे पडतात. २५ चांगला. २६ वर काही उपकरणं कमी ताकदीने बोलतात किंवा जोडलीच जात नाहीत, म्हणून मी तो टाळते.

पण झिगबीचा चॅनल बदलण्याची घाई नको. बदलला की झोपलेल्या सेन्सरना ते कळेलच असं नाही, काहींना एकेक करून पुन्हा पेअर करावं लागतं. त्यापेक्षा वायफाय हलवणं सोपं, कारण फोन आणि लॅपटॉप आपोआप परत जोडले जातात. राउटरच्या सेटिंगमध्ये २.४ गिगाहर्ट्झसाठी चॅनल ‘ऑटो’वरून काढून १, ६ किंवा ११ वर पक्का करा आणि रुंदी २० मेगाहर्ट्झ ठेवा. ४० ठेवली तर अर्धा पट्टा वायफायच खातो. ‘ऑटो’ असलं की राउटर मनाला येईल तेव्हा चॅनल बदलतो, आणि काल नीट चालणारे सेन्सर आज का रुसले ते तुम्हाला कधीच कळत नाही.

हब आणि वायफाय राउटर यांच्यात एक-दोन मीटर तरी अंतर ठेवा. दोघांना एकमेकांवर रचून ठेवलेलं मी खूप घरांत पाहते. मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतो, पण तो मिनिट-दोन मिनिटांचा पाहुणा. जेवण गरम करतानाच सेन्सर अडखळत असेल तरच त्याच्याकडे बघा.

पायरी ५: सेन्सरची जागा

इथे बोटभर फरकही मोजला जातो. २.४ गिगाहर्ट्झच्या लहरीची लांबी सुमारे १२.५ सेंटिमीटर असते. भिंतींवरून परतलेल्या लहरी काही जागी एकमेकींना मारतात, आणि अशा मेलेल्या जागेपासून जिवंत जागा पाच-सहा सेंटिमीटरवरच असू शकते. म्हणून सेन्सर चिकटवण्याआधी कागदी टेपने तात्पुरता लावा, दोन दिवस पाहा, गरज पडली तर वर-खाली हातभर सरकवा.

लोखंडी दारावर थेट चिकटवलेला सेन्सर हा नेहमीचा घोळ. सेन्सर आणि पत्रा यांच्यामध्ये सेंटिमीटरभर जाडीचा फोम घालून पाहा, किंवा सेन्सर चौकटीवर आणि चुंबक दारावर अशी अदलाबदल करा. आरशाची पाठ, मत्स्यपेटी, सळयांचं काँक्रीट, पाण्याची टाकी हे सगळे सिग्नल गिळतात. फ्रिजच्या आत ठेवलेला तापमानाचा सेन्सर तर दुहेरी संकटात असतो: भोवती पत्रा आणि थंडीने दमलेला सेल.

पायरी ६: सेन्सर झिगबीचा नसेल तर

वायफायचे बहुतेक सेन्सर फक्त २.४ गिगाहर्ट्झ ओळखतात. राउटर बदलला असेल तर नव्याला जुनंच नाव आणि जुनाच पासवर्ड द्या. राउटरमध्ये वायफायची सुरक्षा-पद्धत निव्वळ डब्ल्यूपीए-३ ठेवली असेल तर ती २ आणि ३ मिश्र करा. जुन्या चिपना ३ समजत नाही. प्रत्येक सेन्सरला राउटरमधून पक्का आयपी पत्ता देऊन ठेवा.

ब्लूटूथच्या सेन्सरचा प्रश्न बहुधा अंतराचाच असतो. एक भिंत मध्ये आली की पुरे. ईएसपी-३२ सारखा वायफाय आणि ब्लूटूथ असलेला छोटा बोर्ड मध्ये ठेवून त्याला ब्लूटूथ प्रॉक्सी, म्हणजे निरोप पुढे पोचवणारा मध्यस्थ, केलं की काम होतं.

झेड-वेव्ह हा झिगबीसारखाच आणखी एक बिनतारी प्रकार. त्याला वायफायचा त्रास नाही, तो १ गिगाहर्ट्झच्या खाली चालतो. पण त्याची वारंवारता देशागणिक वेगळी आहे: युरोपात ८६८.४२ मेगाहर्ट्झ, अमेरिकेत ९०८.४२. दुसऱ्या देशातून आणलेला सेन्सर तुमच्या हबशी बोलणारच नाही. उपकरणांची जागा बदलली असेल तर हबच्या मेनूतून मार्गांची पुनर्बांधणी चालवा.

पायरी ७: पेअर करायचंच तर असं

अ‍ॅपमधून सेन्सर काढून टाकू नका. बहुतेक हबना उपकरणाचा कायमचा पत्ता ओळखता येतो. न काढता पेअर केलं तर नाव, खोली आणि त्यावर बांधलेले ऑटोमेशन जसेच्या तसे राहतात.

सेन्सर हबशेजारी आणून पेअर करण्याची सवय सोडा. तिथे तो हबलाच पालक धरतो, आणि मग तुम्ही त्याला घराच्या दुसऱ्या टोकाला नेऊन लावता. त्याच्या कायमच्या जागीच पेअर करा. ‘अमुक उपकरणामार्फत जोडा’ अशी सोय सॉफ्टवेअरमध्ये असेल तर तुमचा भरवशाचा प्लग निवडा. पेअरिंग चालू असताना सेन्सर झोपू नये म्हणून त्याचं बटण दर एक-दोन सेकंदांनी हलकेच दाबत राहा, सगळी माहिती येईपर्यंत. अर्धवट पेअर झालेला सेन्सर दोन दिवस बरा चालतो आणि मग जातो.

पायरी ८: पुढच्या वेळी तुम्हाला आधी कळावं म्हणून

सेन्सर साधारण किती तासांनी हजेरी लावतो ते आठवडाभर पाहा. त्याच्या तिप्पट वेळ उलटला आणि संपर्क नसला तर फोनवर निरोप यावा, असं ऑटोमेशन करा. झेडएचए किंवा झिगबी-टू-एमक्यूटीटीमध्ये ‘शेवटचा संपर्क’ या नोंदीवरून ते करता येतं. तुमच्या हबमध्ये अशी सोय नसेल तर महिन्यातला एक दिवस ठरवून यादी डोळ्यांखालून घाला.

पाणीगळती आणि धूर यांच्या सेन्सरसाठी एवढ्यावर थांबू नका. धुराच्या सेन्सरचं चाचणीचं बटण दाबा आणि आवाजासोबत फोनवर निरोपही येतो का ते पाहा. गळतीच्या सेन्सरच्या तळाला धातूचे दोन-तीन ठिपके असतात. ओलं बोट त्यांच्यावर आडवं ठेवा. काही सेकंदांत फोन वाजायला हवा. मग ठिपके कोरडे पुसा, सेन्सर जागेवर ठेवा आणि अ‍ॅपमध्ये ‘कोरडं’ परत आलं का ते बघूनच सिंकखालचं दार लावा.